विकीची पानं एआय एजंटच्या हातात दिली, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मंडळी, गेले आठ महिने आम्ही आमच्या विकीची (सगळ्यांनी मिळून लिहायची वेबसाइट) पानं एआय एजंटकडून, म्हणजे स्वतः टूल वापरून काम करणाऱ्या एआयकडून, एडिट करून घेतोय. कसं चाललंय असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आम्ही सात-आठ जण पुण्यातल्या जुन्या माणसांच्या आठवणी गोळा करतो, त्यातही जास्त करून पानशेतच्या पुराच्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं, आणि नारायण, शनिवार, कसबा सगळीकडे पाणी घुसलं, ते ज्यांनी कळत्या वयात बघितलं ती माणसं आता ऐंशीच्या पुढे गेलीत म्हणून घाई आहे. रेकॉर्ड करायचं, ऐकून उतरवायचं आणि मीडियाविकीवर चढवायचं (विकिपीडिया ज्यावर चालतो तेच सॉफ्टवेअर, फुकट आहे). पानं चारशेच्या वर गेल्यावर दुवे जोडणं, गल्ल्यांची नावं एकसारखी करणं, वर्ग लावणं कुणालाच झेपेना. मग ग्रुपमधल्याच एका मुलाने मीडियाविकीच्या एपीआयवर (दुसऱ्या प्रोग्रॅमला विकी वाचता-लिहिता येण्याची सोय) छोटं टूल लिहिलं आणि एमसीपीने (एआयला बाहेरची टूल जोडायची ठरलेली पद्धत) एजंटला जोडून दिलं. कामं तीनच: पान वाचणं, जुना मजकूर शोधून त्या जागी नवा टाकणं, आणि अख्खं पान नव्याने लिहिणं. टूलचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते कसं वापरायचं हे एजंटला सांगणारा मजकूर, माझ्याकडे आलं.

मी ते चार ओळींत उरकलं होतं, कारण टूल लिहिणारा शेजारीच बसतो, अडलं तर विचारता येतं. पण वाचणारा तो नाही ना, वाचणारा एजंट. तो दर वेळी कोरी पाटी घेऊन येतो, काल काय ठरलं ते त्याला माहीत नसतं, आणि त्या चार ओळीत जे आहे तेवढंच त्याचं जग. हे माझ्या डोक्यात शिरायला दोन महिने गेले.

पहिल्याच आठवड्यात एक मोठं पान अर्धं झालं. वाचताना टूल लांब पान मध्येच कापून देत होतं आणि कापलंय हे सांगत नव्हतं, एजंटने मिळालं तेवढंच खरं मानून अख्खं पान नव्याने लिहिलं आणि खालचं सगळं गेलं. विकी प्रत्येक पानाच्या बदलांचा इतिहास ठेवतं, त्यात जुनी आवृत्ती होती, परत आणली. आता पान कापलं तर टूल तसं स्पष्ट सांगतं आणि त्या पानावर 'अख्खं लिही' चालतच नाही.

दुसरी भानगड मात्र मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने नीट वाचा. 'दुसऱ्या मजल्यावर' असं पानावर स्वच्छ दिसतंय, एजंटही 'दुसऱ्या मजल्यावर' शोधतोय, आणि टूल म्हणतंय मजकूर सापडला नाही. तीन दिवस आम्ही एजंटलाच दोष देत बसलो. शेवटी अक्षर न अक्षर सुटं करून बघितलं तेव्हा कळलं की हा ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्तावाला ऱ, मग हलंत, मग य. दुसऱ्यात साधा र, हलंत, मग डोळ्याला न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर, झीरो विड्थ जॉइनर, आणि मग य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. मीडियाविकी सेव्ह करताना युनिकोड (कॉम्प्युटरमधले अक्षरांचे ठरलेले कोड) एका रूपात आणतं, पण हे दोन त्यातून एक होत नाहीत. आमच्यातले दोघं जुन्या कीबोर्डने टाइप करतात, बाकीचे मोबाइलवरून, त्यामुळे एकाच पानात दोन्ही ऱ्य सुखाने नांदत होते. आता शोधताना टूल दोन्ही एकच धरतं. आणि मजकूर नाहीच सापडला तर नुसतं 'नाही' म्हणत नाही, सगळ्यात जवळची ओळ दाखवतं आणि 'आधी पान परत वाच' असं सांगतं. या एका सुधारणेने निम्म्या अडचणी गेल्या असं मी छातीठोकपणे सांगेन, कारण अडल्यावर एजंट फक्त एरर मेसेज वाचतो, तिथे काम नेमकं सांगितलं की तो नेमकं करतो.

आता जे मनाला लागलं ते. कसब्यातल्या एका आजींची आठवण होती: 'पानी आलं पानी आलं करत पोरं वरडत सुटली, मी तव्यावरची भाकर तशीच टाकून माडीवर पळाले.' एका सकाळी आजींच्या सूनबाईंचा फोन आला, म्हणाल्या, 'दादा, आमच्या आत्याबाई असं बोलत नाहीत हो.' पान उघडलं तर तिथे होतं: 'पाणी आल्याचे ओरडत मुले धावू लागली. मी स्वयंपाक अर्धवट सोडून वरच्या मजल्यावर गेले.' एडिट समरीत, म्हणजे काय बदललं ते सांगणाऱ्या ओळीत, लिहिलेलं, शुद्धलेखन दुरुस्ती. भाकर गेली, माडी गेली, आजीच गेल्या की हो त्यातून. आणि चूक एजंटची नव्हती, डॉक्युमेंटेशनमध्ये मीच लिहिलं होतं की शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर दुरुस्त कराव्यात. त्याने इमानदारीत केलं. त्या दिवशी बसून एकशे चाळीस पानांचे इतिहास तपासले, अकरा पानांवर हेच झालेलं, सगळी हाताने परत आणली.

मग डॉक्युमेंटेशन पहिल्यापासून लिहिलं. नुसतं 'बदलू नये' नाही, का बदलू नये तेही. ही बोललेली भाषा आहे, पानी आणि वरडत या चुका नाहीत, हाच पुरावा आहे. खाली दोन उदाहरणं, एक बरोबर दुरुस्तीचं (लेखाच्या मजकुरात पेठेचं नाव चुकलं तर सुधारणे), एक चुकीचं, म्हणजे आजींचंच. त्यानंतरही दोनदा घसरलं, तेव्हा टूलमध्येच कुलूप घातलं, 'आठवण' साच्यातल्या (विकीतली तयार चौकट, आठवणी आम्ही तिच्यात टाकतो) मजकुराला हात लावला की एडिट नाकारलं जातं आणि कारण सांगितलं जातं. काही गोष्टी सांगून भागत नाहीत, तिथे दार बंदच लागतं.

एजंटला स्वतःचं वेगळं अकाउंट द्या, हे आम्ही पहिल्या दिवशी केलं ते उत्तम झालं. बॉट पासवर्डने (प्रोग्रॅमसाठीचा वेगळा पासवर्ड) हक्क मोजकेच देता येतात, डिलीटचा हक्क दिलेलाच नाही, आणि अलीकडील बदलांत कुणी काय केलं लगेच कळतं. पण पुढे एकाच अकाउंटवर दोन एजंट एकदम चालवले आणि एकाने दुसऱ्याचं काम पुसलं, एडिट कॉन्फ्लिक्टचा, म्हणजे मधल्या वेळात पान बदललंय असा, इशारासुद्धा आला नाही. कारण अख्खं पान सेव्ह करताना शेवटचा बदल आपल्याच अकाउंटचा असेल तर मीडियाविकी तो संघर्ष मानतच नाही, माणूस स्वतःशी कशाला भांडेल. त्यामुळे जितके एजंट तितकी अकाउंट. आणि सेक्शन नंबरने एडिट करू देऊ नका, वर कुणी नवीन सेक्शन घातला की खालचे सगळे नंबर एकाने सरकतात, आम्ही आता शीर्षकानेच जातो.

वेळेचं म्हणाल तर दुवे आणि वर्ग यात आमचे सगळे रविवार जायचे, आता एजंटचे बदल तपासायला आठवड्याला तासभर पुरतो, आणि तो तास मी कधीही चुकवत नाही. सुटलेला वेळ रेकॉर्डिंगला जातो, यासाठीच तर हे सगळं केलं.

अजून अडलेलं म्हणजे तक्ते आणि साच्यात साचा. घरमालक-भाडेकरूंचा मोठा तक्ता आहे, त्यात एक उभी रेघ इकडची तिकडे झाली की सगळे रकाने सरकतात, म्हणून ते पान सध्या हातानेच करतो. डॉक्युमेंटेशनमध्ये तसं लिहून ठेवलंय: तक्त्याला हात लावायचा नाही, काय बदल हवाय ते चर्चा पानावर लिहायचं. गेल्या महिन्यात एजंटने तिथे सहा नोंदी केल्या, चार बरोबर निघाल्या.