बेगमी कशात भरावी: बरणी, काच, स्टील की प्लास्टिक?

मे संपत आला की आमच्याकडे एकच घाई. आमसुलं वाळलेली असतात, आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, गाळून ठेवलेलं असतं, सुकट नि सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) शेवटचं ऊन खात असतात. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, पाऊस थेट गणपतीपर्यंत. नवा संसार मांडणाऱ्यांनी किंवा गावचं घर पुन्हा उघडणाऱ्यांनी एकाच जातीचे डबे डझनावारी आणू नयेत. पदार्थ बघून भांडं घ्यावं.

मीठ आणि आंबट एकत्र आलं की चिनी मातीची बरणी. आगळ, लोणचं, खारातल्या कैऱ्या, सगळं तिच्यातच. याबाबतीत माझं मत पक्कं आहे. एका वर्षी मी दोन लिटर आगळ स्टीलच्या डब्यात भरलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "स्टीलात आगळ घालू नको गो." चतुर्थीच्या तोंडावर डबा काढला, तर फडताळात लाल ओघळ आणि डब्याच्या तळाशी सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके. घासून गेले नाहीत, नखाला खड्डे लागत होते. सगळं आगळ ओतून द्यावं लागलं. मिठातलं क्लोराइड स्टीलवरचा संरक्षक थर फोडतं, आंबटामुळे ते आणखी लवकर होतं. ३१६ प्रतीच्या स्टीलमध्ये मोलिब्डेनम असतं म्हणून ते जास्त तग धरतं, पण घरगुती डबे सहसा ३०४ किंवा त्याहून हलक्या प्रतीचे असतात.

बरणी घेताना टिचकी मारा. खणखणीत वाजली तर घ्या, बद्द वाजली तर कुठेतरी चीर आहे. आतून बोट फिरवून झिलई बघा, केसासारख्या रेघा नकोत. घरी पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा, सकाळी कागद कोरडा हवा. बरणी जड असते, फुटते, तोंडाला दादरा, म्हणजे फडकं, बांधावा लागतो, हे खरंच. पण नीट वापरली तर वर्षानुवर्षं टिकते.

काचही आंबटाला तितकीच चांगली, शिवाय बुरशीचा पहिला ठिपका बाहेरूनच दिसतो. पत्र्याचं झाकण मात्र खाऱ्या हवेत गंजून अडकून बसतं. प्लास्टिकच्या झाकणाची घ्या.

स्टील कोरड्या जिनसांसाठी. सुकट, सोडे, कुळीथ घट्ट झाकणाच्या डब्यात छान राहतात, घासला की वासही जातो. खारवलेला बांगडा तेवढा बरणीत.

प्लास्टिक पापड-पोह्यांपुरतं ठीक. तळाच्या त्रिकोणात ५ आकडा म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते बघून घ्या. त्यात सोडे भरू नका, तो वास पुढच्या वर्षीच्या पापडांनाही लागतो.

पैसे मोजकेच असतील तर आधी एक मोठी बरणी घ्या, कोरड्याला जुने डबे चालतील. आणि ती मेच्या उन्हातच आणा. पाऊस लागला की धुतलेली बरणी आतून नीट वाळत नाही.