माझ्याच पोस्टरवरचा दुसरा क्यूआर कोड

ब्लूजच्या त्या कार्यक्रमाचा मी आयोजक नाही आणि बँडमध्येही नाही. चार ओळखीचे वादक, लहानसा हॉल आणि जाहिरातीला छदाम नाही, हे दिसल्यावर हौसेने पुढे झालो. फेसबुकवर पेज काढलं, पोस्टर केलं.

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतून आलेलं संगीत. हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून रोज एक छोटी पोस्ट टाकायचो. बारा बारचं (म्हणजे बारा मात्रागटांचं) आवर्तन, तीन कॉर्ड, पहिली ओळ दोनदा गायची आणि तिसरीत तिला उत्तर द्यायचं, असलं काहीबाही. सगळ्यात जास्त फिरली ती अमेरिकन ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगच्या गिटारची गोष्ट. १९४९ साली आर्कान्सामधल्या ट्विस्ट गावात तो वाजवत असताना दोघांची जुंपली. ऊब मिळावी म्हणून पेटवून ठेवलेलं रॉकेलचं भांडं कलंडलं आणि आग लागली. बाहेर पळालेला किंग गिटारसाठी पुन्हा आत शिरला. भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होतं हे त्याला नंतर कळलं, तेव्हा त्याने गिटारला तेच नाव दिलं.

याच पोस्टखाली 'तो' उगवला. "दादा, काय लिहिता हो! तुम्ही फक्त लिहा, मेसेजना उत्तरं देणं माझ्याकडे. पैसे नकोत, मीही ब्लूजवेडा." पैसे मागितले असते तर सावध झालो असतो. ब्लूजमधला मोठा गायक मडी वॉटर्स, त्याचं काय आवडतं, एवढं मात्र विचारलं. उत्तर आलं, "सगळंच!"

तिथेच थांबायला हवं होतं. ब्लूजवेडा माणूस 'सगळंच' म्हणून गप्प बसत नाही. जुन्या काळच्या रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकाने १९३६ आणि १९३७ मिळून अवघी २९ गाणी रेकॉर्ड केली, तरी त्या रेकॉर्ड मुळापेक्षा जलद वाजतात की नाही यावर लोक अजून हमरीतुमरीवर येतात. पण मदतीला कुणीतरी आलं याच आनंदात मी होतो.

मेसेजना उत्तरं देण्यापुरती परवानगी वेगळी देता येते. मी पेजचा पूर्ण ताबा दिला. त्याने मला लगेच काढलं नाही, खरी हुशारी तीच. त्याने फक्त पोस्टर बदललं. तोच निळा रंग, तीच हार्मोनिका, तीच अक्षरं. कोपऱ्यातला क्यूआर कोड तेवढा दुसरा. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांतला फरक डोळ्यांना काय कळणार? ते पोस्टर मीच माझ्या नावाने सगळ्या ग्रुपवर पाठवलं.

एका बाईंनी पेजवर विचारलं होतं, "पैसे भरताना भलतंच नाव दिसतंय, बरोबर आहे ना?" पेजवरून उत्तर गेलं, "हो, आयोजकांचंच खातं आहे." मग तो प्रश्नच उडाला. त्यांनी स्क्रीनशॉट ठेवला होता म्हणून मला नंतर कळलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आत हार्मोनिकावाला 'ई' पट्टीतल्या गाण्यासाठी 'ए' पट्टीची हार्मोनिका शोधत होता आणि मी दारात यादी घेऊन उभा. एक जोडपं आलं, नाव यादीत नाही. मग तिघं, मग पाच जण. प्रत्येकाच्या मोबाइलवर तिकीट, वर बँडचं नाव, खाली नंबर, आणि तो नंबर आमच्याकडे कुठेच नाही. "तुमची पोस्ट वाचून काढलं तिकीट," एक गृहस्थ म्हणाले. चिडले नव्हते, म्हणून जास्त लागलं.

पेज उघडायला गेलो तर मी बाहेर! बँकेत तक्रार केली तोवर ते खातं रिकामं झालं होतं. पैसे खात्यात पडून असतील तरच गोठवता येतात, त्यामुळे शंका आली त्या तासालाच फोन करायला हवा. मी दुसऱ्या दिवशी गेलो.

आता असं काही केलं तर पोस्टर पाठवण्याआधी कोड स्वतः स्कॅन करून कुणाचं नाव येतं ते बघतो, आणि ते नाव पोस्टरवर ठळक छापतो. तिकिटांची यादी रोज पैशांशी ताडतो. रोज वीस जण 'तिकीट काढलं' म्हणत होते आणि आमच्या खात्यात चारच नोंदी, हे मला तेव्हाच दिसू शकलं असतं. मी लाइक मोजत बसलो होतो.

बँडने त्या सगळ्यांना आत घेतलं. हॉल भरला, भाड्यापुरतेही पैसे जमले नाहीत. ज्यांचे पत्ते लागले त्यांचे पैसे मी हप्त्याहप्त्याने परत केले. दोघं मात्र नाव यादीत नाही म्हटल्यावर, बँडचा निरोप येण्याआधीच, काही न बोलता जिना उतरून गेले. त्यांना अजून शोधतोय.