स्कॅनएफ वापरायचं की एफगेट्स? सी मध्ये इनपुट घेताना माझं मत

सांगलीत विश्रामबागेत मी डिप्लोमा आणि बीसीएच्या पोरांना सी ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकवतो आणि दरवर्षी कोणीतरी हा प्रश्न विचारतंच, सर, कॉलेजच्या जर्नलमध्ये सगळीकडे स्कॅनएफ आहे, नेटवर बघावं तर सगळे एफगेट्स वापरा म्हणतात, मग आम्ही नक्की काय वापरायचं? स्कॅनएफ (scanf) आणि एफगेट्स (fgets) ही दोन्ही सी मधली, कीबोर्डवरून टाइप केलेलं वाचणारी फंक्शन. दोन मिनिटांत उत्तर देऊन भागत नाही म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या मामांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. पोरानं हौसेनं पट्टी काढायचा छोटा प्रोग्रॅम लिहिला, वजन क्विंटलमध्ये विचारायचं, मग दर विचारायचा, गुणाकार करून रक्कम छापायची, बास एवढंच. वजन इंट (पूर्णांक) मध्ये घेतलेलं, दर फ्लोट (दशांश आकडा) मध्ये, दोन्हीला साधं स्कॅनएफ. घरी दहा वेळा चालवून बघितला, एकदम ओके. दुकानात दिवाणजींनी पहिलंच वजन टाकलं ५०.५ आणि एंटर मारला, तर स्क्रीनवर "दर टाका" आलं आणि त्याच क्षणी खाली पट्टीपण आली, रक्कम २५ रुपये! दर टाकायला प्रोग्रॅम थांबलाच नाही. पोरगं बिचारं रात्री फोन करून विचारतंय, सर कॉम्प्युटरचं काही बिघडलंय का.

बिघडलेलं काहीच नव्हतं. पर्सेंट डी (%d, स्कॅनएफ ला पूर्णांक वाचायला सांगणारी खूण) नं ओळीतला ५० उचलला आणि टिंबापाशी थांबला, कारण पूर्णांकात टिंब बसत नाही. उरलेलं ".५" आणि एंटर तसंच बफरमध्ये, म्हणजे टाइप केलेलं वाचलं जाईपर्यंत साठतं त्या जागेत, पडून राहिलं. पुढचं स्कॅनएफ आलं दशांश आकडा वाचणाऱ्या पर्सेंट एफ चं, त्याला आयतं .५ मिळालं, मग ते कशाला थांबेल कोणासाठी? ५० गुणिले अर्धा, २५. कंपायलरची तक्रार नाही, प्रोग्रॅम क्रॅश नाही, फक्त हिशोब चुकीचा, आणि मला विचाराल तर क्रॅशपेक्षा हे जास्त वाईट, कारण घाईच्या वेळेला अशी पट्टी कोणाच्या हातात जाऊ शकते.

इथेच दोघांतला मूळ फरक आहे. स्कॅनएफ ला ओळ ही गोष्टच कळत नाही, त्याच्यासाठी इनपुट म्हणजे एक सलग धार, त्यातून पाहिजे तेवढं प्यायचं आणि बाकीचं पुढच्यासाठी सोडायचं. माणूस मात्र ओळीत विचार करतो, टाइप केलं, एंटर मारलं, विषय संपला. एफगेट्स माणसासारखं वागतं, एंटरपर्यंतची अख्खी ओळ उचलून तुमच्या अ‍ॅरेत ठेवतं, मग त्या ओळीतून आकडे काढायचे तर एसस्कॅनएफ वापरा, त्याचे फॉरमॅट तेच, पर्सेंट डी, पर्सेंट एफ, सगळं ओळखीचं, फक्त ते कीबोर्डऐवजी स्ट्रिंगमधून, म्हणजे साठवलेल्या मजकुरातून, वाचतं. चुकलं तरी ती ओळ टाकून द्यायची आणि परत विचारायचं, बफरमध्ये घाण राहायचा प्रश्नच नाही.

आता कोणी म्हणेल की वजन डबल (हाही दशांश आकड्याचाच प्रकार) मध्ये घेतलं असतं तर झालं असतं की. त्यानं तेच केलं. दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी सवयीनं "५०.५ क्विं" असं लिहिलं. वजन बरोबर आलं, पण "क्विं" बफरमध्ये राहिलं, दराच्या स्कॅनएफ ला आकडा सापडेना, ते शून्य परत करून मोकळं झालं आणि दराच्या व्हेरिएबलमध्ये जो कचरा होता त्याचाच गुणाकार झाला. वर हे सगळं मेनूच्या व्हाइल लूपमध्ये, त्यामुळे तोच मेनू धबधब्यासारखा स्क्रीनवर पळायला लागला, कारण नको असलेली अक्षरं स्कॅनएफ फेकून देत नाही, जिथल्या तिथे ठेवतं, आणि प्रत्येक फेरीत परत त्यालाच अडखळतं.

तर स्कॅनएफ वापरणार असाल तर त्याची रिटर्न व्हॅल्यू बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. किती गोष्टी नीट वाचल्या तो आकडा ते परत देतं, दोन मागितल्या आणि दोन आल्या तरच पुढे, इनपुटच संपलं असेल तर ईओएफ, म्हणजे इनपुट संपल्याची खूण. आमच्याकडच्या बहुतेक जर्नलमध्ये ही तपासणी नसतेच आणि पोरांना वाटतं स्कॅनएफ काही परत देतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एफगेट्स आणि एसस्कॅनएफ ची जोडी हे काम किती सोपं करते बघा. ओळ घ्यायची, एसस्कॅनएफ ला फॉरमॅट द्यायचा पर्सेंट एल एफ (डबल वाचायला), एक स्पेस, पर्सेंट सी (एक कॅरेक्टर वाचायला), आणि उत्तर बरोबर १ आलं तरच मान्य करायचं. नुसतं ५०.५ असेल तर १ येतं, कारण आकड्यानंतरचा एंटर त्या स्पेसमध्ये जातो आणि पर्सेंट सी ला काही उरत नाही. "५०.५ क्विं" लिहिलं तर २ येतं म्हणजे मागे काहीतरी शेपूट आहे, नामंजूर. नुसतं "हळद" लिहिलं तर ०, रिकामा एंटर मारला तर ईओएफ. दर १५,५०० असा स्वल्पविराम देऊन लिहिला, आपल्याकडे सगळे तसंच लिहितात, तर तेही २ येऊन पकडलं जातं, साध्या स्कॅनएफ नं मात्र गुपचूप १५ घेतला असता. मला ही एक युक्ती फार आवडते.

नावांचं वेगळंच. शब्द वाचणारा पर्सेंट एस पहिल्या स्पेसला थांबतो, म्हणून "राजापुरी हळद" मधलं फक्त राजापुरी येतं आणि हळद पुढच्या प्रश्नाचं उत्तर बनून बसते. शिवाय रुंदी दिली नाही तर तो अ‍ॅरेची हद्द बघत नाही, २० ची अ‍ॅरे असेल तर पर्सेंट १९ एस असंच लिहावं लागतं, एक जागा शेवटच्या नलची, म्हणजे स्ट्रिंग संपल्याच्या खुणेची. एफगेट्स ला साइझ द्यावीच लागते आणि ते त्यापेक्षा एक कमी कॅरेक्टर घेतं, त्यामुळे ही काळजी मिटते. पण त्याची एक खोड आहे, एंटरपण स्ट्रिंगमध्ये येतो, तो काढायला एसटीआरसीएसपीएन (strcspn) नं त्याची जागा शोधून तिथे नल ठेवायचा, एका ओळीचं काम. हे विसरलात तर स्ट्रिंग कंपेअर केली की कधी जुळणारच नाही आणि तुम्ही तासभर शोधत बसाल. दुसरं, ओळ अ‍ॅरेपेक्षा मोठी असली तर उरलेली पुढच्या एफगेट्स ला येते, म्हणून स्ट्रिंगमध्ये एंटर आहे का ते बघा, नसेल तर एकेक कॅरेक्टर वाचणाऱ्या गेटचार नं एंटर किंवा ईओएफ येईपर्यंत पुढचं संपवा (आणि गेटचार चं उत्तर इंट मध्येच घ्या, कॅरेक्टरच्या चार (char) प्रकारात घेतलं तर ईओएफ ओळखता येत नाही).

मराठीत नावं घेणार असाल तर अजून एक गोष्ट बघा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना-मात्रा-अनुस्वार धरून. "सांगली" म्हणजे स, काना, अनुस्वार, ग, ल, दीर्घ वेलांटी, ६ चिन्हं, १८ बाइट, आणि नल धरून १९. तुम्ही मनात तीन अक्षरं मोजून १० ची अ‍ॅरे घेतली तर शब्द अर्ध्यावरच तुटणार. "राजापुरी" तर एकटंच २४ बाइटचं. इथे दोन्ही फंक्शन सारखीच, दोघं बाइट मोजतात, अक्षरं नाही, म्हणून अ‍ॅरे मोकळ्या हातानं घ्या, १०० किंवा २००. आणि मराठी कीबोर्डवरून ५० टाइप केलं तर पर्सेंट डी ला ते आकडे वाटतच नाहीत, त्याला फक्त इंग्रजी अंक कळतात, वर दिवाणजींचे जे आकडे सांगितले ते सगळे इंग्रजी अंकातलेच समजा.

मेनूमध्ये हो-नाही साठी एक अक्षर घेताना आधीचा एंटरच पर्सेंट सी मध्ये येतो, ही तक्रार तर प्रत्येक बॅचला असते. पर्सेंट सी च्या आधी एक स्पेस द्या, मिटलं. पण फॉरमॅटच्या शेवटी स्पेस किंवा बॅकस्लॅश एन चुकूनही देऊ नका, मग तुम्ही पुढचं काहीतरी टाइप करेपर्यंत ते हलत नाही.

बफरमध्ये उरलेलं साफ करायला म्हणून जुन्या नोट्समध्ये एफफ्लश एसटीडीइन (fflush(stdin)) लिहिलेलं सापडतं. स्टँडर्डप्रमाणे ते अनडिफाइन्ड आहे, म्हणजे काय होईल याची हमी नाही, मायक्रोसॉफ्टच्या जुन्या कंपायलरवर चालायचं, व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून तिथेही काही करत नाही, लिनक्सवर त्याच्या भरवशावर राहू नका. आणि ओळ वाचायचं जुनं फंक्शन गेट्स (gets) कोणत्याही वहीत दिसलं तर खोडून टाका. त्याला साइझ सांगायची सोयच नाही, १९८८ मध्ये नेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मनं फिंगर नावाच्या सर्व्हर प्रोग्रॅममध्ये घुसायला हेच वापरलं होतं, ५१२ बाइटच्या बफरमध्ये ५३६ बाइट ओतून. सी११ मध्ये, म्हणजे भाषेच्या २०११ च्या स्टँडर्डमध्ये, ते भाषेतूनच काढून टाकलं.

मग एसस्कॅनएफ मध्ये काहीच वाईट नाही का? आहे. आकडा इंट मध्ये मावला नाही तर काय होईल याची हमी स्कॅनएफ देत नाही आणि एसस्कॅनएफ पण नाही. पैशाचा मामला असेल, मोठे आकडे असतील, तर स्ट्रिंगचा पूर्णांक करणारं स्ट्रटोल (strtol) वापरा, ते आकडा कुठे संपला तो पॉइंटर देतं आणि हद्दीबाहेर गेलं तर एररनो (errno) मध्ये ईरेंज (ERANGE) ही चुकीची खूण ठेवतं. तेच काम करणारं एटूआय (atoi) मात्र नको, त्यात "०" आणि "हळद" दोन्हीचं उत्तर शून्यच. दुसरं म्हणजे बऱ्याच लायब्ररीत एसस्कॅनएफ दरवेळी आधी अख्ख्या स्ट्रिंगची लांबी मोजतं. २०२१ मध्ये जीटीए ऑनलाइन या गेमचं लोडिंग इतकं हळू का हे एकानं शोधलं, तर १० एमबीच्या एकाच स्ट्रिंगवर हजारो वेळा एसस्कॅनएफ चाललं होतं हे त्यातलं एक मोठं कारण निघालं. शंभर बाइटच्या ओळीला याचा काही फरक पडत नाही, पण अख्खी फाइल एका स्ट्रिंगमध्ये भरून हे करू नका.

आता तुमच्यापुरतं. परीक्षा, जर्नल, प्रॅक्टिकल असेल तर स्कॅनएफ च लिहा, तिथे तेच अपेक्षित आहे, फक्त रिटर्न व्हॅल्यू तपासा, आकड्याच्या व्हेरिएबलआधीचं अँपरसँड (&) विसरू नका, आणि डबलला पर्सेंट एल एफ च द्या, प्रिंटएफ मध्ये पर्सेंट एफ चालतं म्हणून इथे चालत नाही. कोडिंग कॉन्टेस्टलाही स्कॅनएफ च बरं, तिथलं इनपुट मशीननं बनवलेलं असतं, ठरल्या फॉरमॅटमध्ये, त्यात "क्विं" येणार नाही. पण समोर माणूस बसून टाइप करणार असेल, मग तो दिवाणजी असो नाहीतर तुमची आई, तर पहिल्या दिवसापासून एफगेट्स. आणि दोन्हीची एकाच प्रोग्रॅममध्ये भेसळ करू नका, स्कॅनएफ नं सोडलेला एंटर पुढच्या एफगेट्स ला रिकामी ओळ म्हणून मिळतो आणि मग प्रोग्रॅम नाव टाइप व्हायच्या आधीच पुढे निघून जातो.

त्या पोरानं शेवटी एकच फंक्शन लिहिलं, प्रश्न दाखवायचा, ओळ घ्यायची, १ आलं तर आकडा परत द्यायचा, नाहीतर "फक्त आकडा टाका" म्हणून परत विचारायचं, आणि इनपुट संपलं तर बाहेर पडायचं. पंधराएक ओळी. वजन, दर, हमाली, तोलाई सगळीकडे तेच वापरलं. दिवाणजी अजून "क्विं" लिहितात, प्रोग्रॅम परत विचारतो, ते खोडून नुसता आकडा टाकतात आणि पट्टी बरोबर निघते.