जुन्या वाड्याच्या सागवानाचे ४१,२०० रुपये

आधीच सांगतो, मी काही अगदीच भोळा नाही. 'लष्करात आहे, बदली झाली, क्यूआर कोड स्कॅन करा' म्हणणारे तीन जण मी फोनवरच पळवून लावलेत. इथेही न बघता एक रुपया पाठवला नव्हता. स्वतः गेलो, लाकडाला हात लावला, समोर रंधा मारून घेतला. तरी फसलो. बायको म्हणते कुठे सांगू नकोस, लोक हसतील. हसा.

लेक पाच वर्षांची. मागच्या अंगणात तिच्यासाठी मचाण करायचं होतं. चार फुटांवर फळ्यांचा माळा, एका बाजूने शिडी, दुसऱ्या बाजूला घसरगुंडी, आडव्या वाशाला झोका. नकाशा मीच काढला, काम रविवारी-रविवारी मीच करणार होतो. पाऊस आणि वाळवी म्हटलं की सागवानच, आणि नवीन साग परवडेना. सासरे म्हणाले, "भवानी पेठेत टिंबर मार्केटला जा, वखारीत पक्कं बिल घे." पण मला जुन्या वाड्याचं लाकूड हवं होतं. शंभर वर्षं वाळलेलं, ना वाकायचं ना चिरायचं. हौस, दुसरं काय.

जाहिरात मोबाईलवर दिसली. हायवेलगत पत्र्याची शेड, बाहेर तुळयांचा ढीग. माणूस अतिशय गोड. शनिवार पेठेतला १२० वर्षांचा वाडा उतरवलाय म्हणाला. एका तुळईवर रंधा फिरवला, तर तो तेलकट, चामड्यासारखा वास आला. ती तुळई खरी होती हो! तिथेच तर सगळी मेख.

भाव २,४०० रुपये घनफूट. हिशेब मीच मांडला, फार हुशार ना मी. ४ बाय ४ इंची, ९ फुटी ६ खांब म्हणजे ६ घनफूट. ४ बाय २ चे ९ फुटी ८ वासे म्हणजे ४. इंचभर जाडीच्या, ६ इंच रुंद, ६ फुटी २४ फळ्या म्हणजे ६. एकूण १६ घनफूट, ३८,४००. टेम्पो २,२००, हमाली ६००. २०,००० जागेवर यूपीआयने दिले, उरलेले २१,२०० माल उतरल्यावर. पावती म्हणून वहीतलं एक पान फाडून दिलं, वर लिहिलेलं 'एस्टिमेट'. कापून द्यायचं आहे, म्हणून माल त्याच्याकडेच ठेवून मी निघून आलो. हे कधीही करू नका. फळीन् फळीवर खडूने स्वतःची सही करा, टेम्पोत आपल्यासमोर चढवा, आणि त्याच टेम्पोत बसून घरी या.

टेम्पो चारला यायचा होता, आला रात्री पावणेनऊला. अंगणात एकच दिवा. हमालाने दोन खांब एका खांद्यावर घेतले आणि गाणं गुणगुणत आत आला. त्याच्या पांढऱ्या बनियनच्या खांद्यावर चॉकलेटी पट्टा उमटला होता. मी तो बघितला. बघितला आणि मनात म्हटलं, वाड्याची धूळ! धूळ चॉकलेटी असते का? एका खांबाला खिळ्याचं भोक होतं, त्यात बॅटरी मारली तर आतून लाकूड पांढरं. जुना खिळा शंभर वर्षं बसलेला असेल तर गंज लाकडात उतरतो, भोवती काळं पडतं. हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं. पण ड्रायव्हर "साहेब, उशीर होतोय" करत उभा, लेक झोपेतून उठून "बाबा, आलं का माझं घर?" विचारतेय. मी २१,२०० पाठवले. अजूनही रात्री तो चॉकलेटी पट्टा डोळ्यांपुढे येतो.

करवतीने कापताना आतला रंग फिका दिसला, तेव्हा 'साग पिवळसरच असतो' असं मीच मला समजावलं. वळवाचा पहिला पाऊस झाला आणि लेक वरून उतरली ती दोन्ही तळहात तपकिरी घेऊन. तिसऱ्या दिवशी फळ्यांखाली पिठासारखा भुगा. झोका बांधायला चढलो, तर फळी मोडून मी मांडीपर्यंत आत. त्या जागी लेक असती तर? मिस्त्रीला बोलावलं. त्याने नखाने खरवडलं आणि तोंड फिरवून हसला. "फळ्या आंब्याच्या, खांब सिल्व्हर ओकचे, वरून रंग." टेप लावला, तर ४ इंची खांब सव्वातीन इंच. म्हणजे १ घनफुटाचे पैसे घेऊन ०.६६ दिलं. बाथरूमच्या वजनकाट्यावर खांब ११ किलो भरला. वाळलेलं सागवान घनफुटाला १८ किलोच्या आसपास असतं. काटा घरात होता, फक्त सुचलं नाही.

फोन केला तर म्हणे, "नैसर्गिक लाकूड आहे साहेब, रंग सोडणारच." मग नंबर ब्लॉक. शेडवर गेलो तर तिथे म्हशी बांधलेल्या.

आता ऐका पुढची वरात. पोलीस चौकीत हवालदारसाहेब म्हणाले, माल मिळालाय ना, मग फसवणूक कसली, हे दिवाणी. तासभर बाकावर बसवलं, मग विचारलं, "लाकूड नीट बघून घ्यायचं नाही का?" अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवलेत. मोजमाप कमी भरलं म्हणून वैधमापनवाल्यांकडे गेलो, ते म्हणाले दुकानाचं बिल आणा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, हे खरं आहे. पण नोटीस कोणाच्या पत्त्यावर काढायची, म्हशींच्या? शेवटी कोणीतरी म्हणालं, सागवानाचा मामला आहे, वनखात्यात विचारा. तिथल्या साहेबांनी फळी उलटसुलट केली आणि गंभीरपणे सांगितलं, "हे सागवान नाही. आमच्याकडे येत नाही." अहो, तेच तर सांगतोय मी आठ दिवस! मग हेच एका कागदावर लिहून द्या म्हटलं, तर तेवढा अधिकार नाही.

जीएसटी नंबर नसलेल्या कागदावर पैसे देऊ नका. रात्री माल उतरवून घेऊ नका. ओलं फडकं फळीवर घासा, दहा सेकंद लागतात. आणि सासऱ्यांचं ऐका, हे लिहिताना हात जड होतोय, पण ऐका.

मचाण उतरवलंय. फायबरची घसरगुंडी ६,५०० ची, ती तेवढी अस्सल निघाली. सध्या ओट्याला टेकवून ठेवलीय, लेक तिच्यावरूनच घसरते. काल एका नव्या नंबरावरून सगळ्यांना धाडतात तसला मेसेज आला, "जुन्या वाड्याचं अस्सल सागवान, मर्यादित माल." फोटोत तीच तुळई, रंधा मारलेल्या जागेसकट. स्क्रीनशॉट घेतलाय. सोमवारी पुन्हा चौकीत जातोय, या वेळी शिक्का बरोबर घेऊन जावा की काय ते ठरतंय.