पहिला पॉडकास्ट कुठला लावावा? डोंबिवली फास्टमध्ये घासूनपुसून पाहिलेली काही नावं

रत्नागिरीहून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या माझ्या मामेबहिणीने गेल्या पावसाळ्यात विचारलं, "ताई, पॉडकास्ट ऐकायला सुरुवात करायचीय, कुठला लावू?" मी उत्साहाच्या भरात व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा नावं पाठवली. महिन्याने विचारलं, तर एकही भाग पुरा ऐकून झालेला नव्हता. मुलगी आळशी नाही. डोंबिवली ते सीएसएमटी रोज उभ्याने जाते आणि तेवढ्यात डब्यातल्या पाच जणींच्या सासरची खडान्‌खडा माहिती काढते. चूक माझ्या यादीची होती. इतिहास, अर्थकारण, विज्ञान असे विषय बघून मी नावं दिली होती. तिला हवं होतं ते असं, की कुर्ल्याच्या रेट्यात एका कानातला इअरफोन निसटला तरी गोष्टीचा धागा हातात राहील.

म्हणून पुढची तुलना त्या हिशेबाने केली आहे. कुतूहल आहे, सवय नाही, आणि दिवसातून तास-दीड तास कान मोकळे आहेत, अशा माणसासाठी.

लहान भागांचे दोन पर्याय आधी. बीबीसी मराठीची 'सोपी गोष्ट' बातम्यांमधला एकच प्रश्न उचलते आणि पाच-दहा मिनिटांत उलगडून सांगते. भाषा सरळ आणि पाल्हाळ नाही. बस स्टॉपवर उभं असताना एक भाग सहज होतो. पण बातमी जुनी झाली की भागही शिळा होतो, आणि एक भाग ऐकल्यावर दुसरा लावावाच असं वाटत नाही. सवय लागायला जी ओढ लागते ती इथे कमी पडते.

ती ओढ 'अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन हंड्रेड ऑब्जेक्ट्स'मध्ये आहे, आणि माझा कौल पहिल्यांदा तिलाच. बीबीसी रेडिओ ४ आणि ब्रिटिश म्युझियमने मिळून २०१० साली केलेली ही मालिका. म्युझियमचे तेव्हाचे संचालक नील मॅकग्रेगर एका भागात एकच वस्तू हातात घेतल्यासारखी दाखवतात. शंभर वस्तू, शंभर भाग, प्रत्येकी साधारण पंधरा मिनिटं. तेराव्या भागात सिंधू संस्कृतीची मुद्रा येते. एवढासा दगड, त्यावर एकशिंगी प्राणी आणि आजही न वाचता आलेली लिपी. शंभरावी वस्तू आहे सौर दिवा आणि चार्जर. इंग्रजी संथ आणि स्वच्छ आहे, त्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्यांनाही दोन-तीन भागांत कान बसतो. ठाण्याहून घाटकोपर येईपर्यंत एक वस्तू होते. मुख्य म्हणजे ही मालिका संपते. नवख्याला संपणारी गोष्ट द्यावी, असं माझं ठाम मत झालंय. आठवड्याला दोन नवे भाग टाकणारा कार्यक्रम पहिल्याच महिन्यात उधारीसारखा डोक्यावर बसतो.

(काळा घोड्याजवळच्या वस्तुसंग्रहालयात नोव्हेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ 'इंडिया अँड द वर्ल्ड' हे प्रदर्शन होतं, ते याच कल्पनेच्या वळणावर जाणारं. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना ही मालिका ओळखीची वाटेल.)

आता गप्पांकडे. मराठीत पॉडकास्ट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे समोरासमोर बसलेली माणसं आणि मधे दोन माइक हेच येतं. यात 'अमुक तमुक' मला सगळ्यात घरगुती वाटतो. ओंकार जाधव आणि शार्दूल कदम डॉक्टर, समुपदेशक, अभ्यासक अशा कुणाला तरी बोलावतात आणि नाती, झोप, पैसा, मनाचं आरोग्य अशा रोजच्या गोष्टींवर निवांत बोलत बसतात. आमच्या आत्याला एक भाग ऐकवला, तर म्हणाली, "हे तर आमच्या 'पुन्हा प्रपंच'सारखंच की." आकाशवाणी मुंबईवरचे टेकाडे भावजी आणि मीनावहिनी तिच्या कानात अजून आहेत. तिथे लिहिलेली श्रुतिका होती आणि इथे मोकळ्या गप्पा, पण ओळखीचा आवाज घरात फिरत राहणं दोन्हीकडे सारखंच. म्हणूनच हा कार्यक्रम मी गाडीत लावत नाही. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना लावते. दहा मिनिटं दुसरीकडे लक्ष गेलं तरी परतल्यावर काही बिघडलेलं नसतं.

'पुलियाबाजी' हिंदीत आहे, आणि मुंबईकराला हिंदीची अडचण कसली! पुलाच्या कठड्यावर बसून केलेल्या गप्पा, असा नावाचा अर्थ. प्रणय कोटस्थाने आणि सौरभ चंद्र यांनी सुरू केला, पुढे ख्याती पाठकही आल्या. विषय सरकारी धोरणं, अर्थशास्त्र, शहरं, तंत्रज्ञान. 'अमुक तमुक'पेक्षा हा जड आहे. मधली पाच मिनिटं निसटली तर युक्तिवादाची एक पायरी निसटते. मात्र पाण्याचे दर किंवा शहराचं नियोजन यावर घरी नेहमीच वाद घालत असाल, तर इथे वादाला चांगला दारूगोळा मिळेल. बसायला जागा मिळणाऱ्यांनी घ्यावा.

याच रांगेतला तिसरा म्हणजे अमित वर्मा यांचा 'द सीन अँड द अनसीन'. तो मुंबईतून होतो, इंग्रजीत आहे, आणि लांबीबद्दल ख्यात आहे. एकेक भाग पाच-सहा तासांवर जातो. शांता गोखले, जेरी पिंटो यांच्यासारख्या पाहुण्यांशी झालेल्या गप्पा ऐकताना एका माणसाबरोबर त्याचं शहरही कळत जातं. मला हा कार्यक्रम मनापासून आवडतो आणि नवख्याला मी तो कधीच पहिला सांगत नाही. बहिणीच्या यादीत मी तो पहिल्या नंबरवर टाकला होता! तिने लांबी पाहिली आणि अ‍ॅप बंद केलं. एक पळवाट आहे. २०१७ साली सुरू झाला तेव्हा भाग वीसेक मिनिटांचे असत, आणि एखाद्या सरकारी निर्णयाचे न दिसणारे परिणाम हाच विषय असे. ते जुने भाग शोधून आधी चव घ्यावी.

'इन अवर टाइम' आणि 'एम्पायर' यांत गोंधळ होतो, कारण दोन्ही 'इतिहास आवडतो ना, मग हे ऐक' म्हणून सांगितले जातात. 'इन अवर टाइम' १९९८ पासून बीबीसी रेडिओ ४ वर चालू आहे. एक विषय, तीन प्राध्यापक, पाऊण तास. मेल्विन ब्रॅग यांनी तो २०२५ पर्यंत चालवला. पाहुणे भरकटले की ते चक्क घाई करायचे, आणि हेच मला आवडायचं. सम्राट अशोक, उपनिषदं, शून्याचा शोध असे आपल्याकडचे विषयही त्यात आहेत. कुठलाही भाग कुठूनही लावता येतो. पण तीन विद्वानांचे आवाज गर्दीच्या डब्यात एकमेकांत मिसळतात, आणि कोण काय म्हणालं तेच कळेनासं होतं. 'एम्पायर'मध्ये विल्यम डॅलरिंपल आणि अनिता आनंद असे दोनच आवाज. २०२२ मध्ये सुरुवातच ईस्ट इंडिया कंपनी आणि भारतापासून केली, त्यामुळे निम्मी नावं शाळेपासून ओळखीची. गाडीसाठी 'एम्पायर', रात्री दिवा मालवल्यावर 'इन अवर टाइम'.

गुंफून, कापून, आवाज जोडून केलेल्या कार्यक्रमांना लोकल मानवत नाही. 'रेडिओलॅब'मध्ये आवाजांची जी कलाकुसर असते, ती मधेच 'पुढील स्टेशन', 'अगला स्टेशन' आलं की वाया जाते. 'सीरियल'चा पहिला हंगाम मात्र गाडीतही धरून ठेवतो. २०१४ साली आलेले ते बारा भाग, बाल्टिमोरमधल्या १९९९ च्या एका खुनाच्या खटल्याची सारा केनिगने केलेली उलटतपासणी. पहिल्यापासून क्रमाने ऐकावे लागतात, आणि शेवटी निकाल हातात पडत नाही, हे आधीच सांगते. काहींना त्याचा राग येतो. रोमन मार्सचा '९९ पर्सेंट इन्व्हिजिबल' त्या मानाने सोपा. फिरते दरवाजे, शहरांचे झेंडे अशा रोज दिसूनही न पाहिलेल्या वस्तूंमागची डोकी तो दाखवतो. २०१० चे सुरुवातीचे भाग तर पाच मिनिटांच्या आसपासचे आहेत.

या जातीचं, आवाजानेच रचलेलं काम मराठीत मला फार कमी सापडलं. गप्पा मात्र उदंड.

लोकसत्ताच्या 'गोष्ट मुंबईची'चं नाव कुणीतरी काढणारच. खाकी टूर्सचे भरत गोठोसकर त्या त्या इमारतीसमोर उभे राहून सांगतात आणि छान सांगतात, पण ते पाहायचं आहे. नुसतं ऐकलं तर 'हे जे मागे दिसतंय' या वाक्याचं करायचं काय? शिवाय यूट्यूबवर पैसे भरले नसतील तर स्क्रीन बंद करताच आवाज थांबतो. एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने चालू स्क्रीनचा फोन सांभाळायची कसरत ज्याने केलीय त्याला विचारा. रविवारी फोर्टात भटकायला निघण्याआधी मात्र दोन भाग जरूर पाहावेत.

अ‍ॅपचं थोडक्यात. स्पॉटिफायवर फुकट खात्यातही पॉडकास्ट डाउनलोड होतात. ते रात्री घरच्या वायफायवर करून ठेवावं, विशेषतः आरे ते कफ परेड भुयारी मेट्रोने जाणाऱ्यांनी. तिथे नेटवर्कच्या भरवशावर राहू नये. जुन्या लेखांत गुगल पॉडकास्ट्स सुचवलेलं दिसेल, ते २०२४ मध्ये बंद झालं. आणि दोन्ही कान कधीच बंद करू नका, निदान फलाटावर तरी.

बहिणीला दुसऱ्या खेपेला दोनच नावं दिली. जाताना शंभर वस्तूंतली एक, आणि घरी पोळ्या करताना 'अमुक तमुक'. सध्या ती एकोणचाळिसाव्या वस्तूवर आहे. येताना बसायला जागा मिळते, तेव्हा काहीच ऐकत नाही, झोपते.