लॉगच्या ओळींसाठी पायथनचं 'आरई' मॉड्यूल: कामाचं, पण जपून

लॉगमधून (प्रोग्रॅमने लिहिलेल्या नोंदींमधून) आयपी, वेळ, स्टेटस कोड वेगळे काढायला हे 're', म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनचं (मजकुरात ठरावीक नमुना, म्हणजे पॅटर्न, शोधायचं) मॉड्यूल पुरतं. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. ग्रुपना (पॅटर्नमधल्या कंसांनी पकडलेल्या भागांना) नावं देता येतात ही मोठी सोय, कारण मध्ये एखादा कंस वाढला तरी क्रमांक बदलत बसावं लागत नाही.

नवखे अडकतात ते 'मॅच' आणि 'सर्च'मध्ये. मॅच स्ट्रिंगच्या सुरुवातीलाच जुळवतं, सर्च कुठेही. जुळलं नाही तर दोन्ही 'नन' (None, म्हणजे काहीच नाही) देतात आणि त्यावर थेट ग्रुप मागितला की स्क्रिप्ट कोसळते. आधी तपासा, न जुळलेल्या ओळी गिळू नका, वेगळ्या फाइलमध्ये टाका.

अवतरणातला मजकूर काढताना "(.*)" हावरटपणे ओळीतल्या शेवटच्या अवतरणापर्यंत धावतं. त्याऐवजी "([^"]*)" लिहा. पॅटर्न रॉ स्ट्रिंगमध्येच (आधी r लावलेली, बॅकस्लॅश जसाच्या तसा ठेवणारी) ठेवा. अंकांचा शॉर्टकट \d देवनागरी अंकही पकडतो, बरं का! नको असतील तर [0-9].

खरी उणीव म्हणजे टाइमआउट (ठरावीक वेळेनंतर आपोआप थांबणं) नाही. (.+)+: असा पॅटर्न कोलन नसलेल्या लांब ओळीवर मागे फिरून पुन्हा पुन्हा जुळवत अक्षरशः अडकून बसतो. पायथनच्या आवृत्ती 3.11 पासून [^:]++ असे मागे न फिरणारे क्वांटिफायर (किती वेळा जुळवायचं ते सांगणारी चिन्हं) आले, ते वापरा. जेसन (JSON) स्वरूपातल्या लॉगला मात्र सरळ जेसन पार्सर लावा.