‘बर्कली गॅरंटीड’ म्हणणाऱ्या ट्रान्सफरवाल्या सरांनी आमचे ६,८२० डॉलर खाल्ले

कम्युनिटी कॉलेजातून मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर मिळवून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या त्या माणसाचं नाव लिहीत नाहीये, कारण नवरा म्हणतो उलट तोच आपल्यावर बदनामीची केस टाकेल. पण कॅलिफोर्नियाच्या बे एरियात ज्यांची मुलं दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात आहेत आणि जे देसी व्हॉट्सॲप ग्रुपांमध्ये आहेत त्यांना ओळखायला वेळ लागणार नाही. गोड बोलणारा, हिंदीत ‘भाभीजी’ म्हणणारा, आणि दर ऑगस्टमध्ये फ्री वेबिनार घेणारा.

रक्कम आधीच सांगून टाकते म्हणजे लोकांची विचारायची उत्सुकता संपेल. १,५०० डॉलर ‘सीट ब्लॉक’ करायला, २,८०० सप्टेंबरमध्ये, १,८०० निबंधांचे, आणि ७२० यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, नऊ कॅम्पसच्या ॲप्लिकेशन फीचे (बर्कली त्यातलंच एक). एकूण ६,८२०. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजला युनिटमागे ४६ डॉलर पडतात, म्हणजे ट्रान्सफरला लागणारी ६० युनिट्स धरली तर दोन वर्षांची फी २,७६० होते. पोराच्या अख्ख्या शिक्षणाच्या अडीच पट पैसे मी एका फॉर्म भरणाऱ्याला दिले. सासूबाईंना अजून आकडा सांगितलेला नाही, त्या लगेच रुपयांत करतील.

आता लोक म्हणतील एवढी शिकलेली बाई, हिला कळलं नाही का. ज्यांची पोरं बारावीनंतर सरळ यूसीला लागली त्यांनी कृपा करून बोलू नये. माझ्या लेकाला हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांत तब्येतीमुळे ग्रेड्स नाही राखता आल्या, मग कम्युनिटी कॉलेजात गेला, तिथे ३.७ जीपीए आणला स्वतःच्या जोरावर. पण गणपतीच्या कार्यक्रमात कुणी विचारलं ‘कुठे असतो गं हल्ली’ आणि मी कॉलेजचं नाव सांगितलं की समोरची जी ‘अच्छा अच्छा, चांगलंय की, पैसे वाचतात’ म्हणते ना, ते दोन वर्षं ऐकून बघा. मग कुणी बर्कलीची गॅरंटी देतो म्हटल्यावर तुमचाही हात फोनकडे गेला असता.

आणि गॅरंटी हा शब्द हवेतला नव्हता, यातच तर सगळी गोम आहे. यूसीमध्ये टॅग नावाची खरीखुरी सोय आहे, ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी. ठरलेला जीपीए आणि विषय पूर्ण असतील तर त्या कॅम्पसला प्रवेश नक्की. पण हे फक्त सहा ठिकाणी चालतं: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो यात नाहीत. नाहीत म्हणजे नाहीत. हा माणूस वेबिनारमध्ये टॅगची खरी सरकारी स्लाइड दाखवायचा आणि पुढच्या स्लाइडवर बर्कलीच्या घंटाघराचा फोटो. मधलं वाक्य असं फिरवायचा की ऐकणाऱ्याला वाटावं बर्कलीचाही टॅग असतो, फक्त आतल्या लोकांनाच मिळतो. ‘भाभीजी, बर्कली का टॅग सबको नहीं बताते.’

त्याच रात्री जेवताना लेक म्हणाला, “आई, बर्कलीला टॅग नसतोच. कॉलेजच्या काउन्सेलरने आम्हाला यादी दिलीये.” भात वाढत होते मी. म्हटलं, “तू गप बस, त्या सरांनी आयुष्य घातलंय यात, तुझ्या काउन्सेलरला तुझं नाव तरी आठवतं का?” तो गप बसला, ताट घेऊन उठला. नंतर महिनाभर त्याने काहीच म्हटलं नाही आणि मी समजले त्याला पटलं. ती यादी त्याच्या बॅगेत होती हो, घडी घालून, मी नंतर पाहिली, सहा नावं छापलेली. दोन मिनिटांचं काम होतं, यूसीच्या साइटवर पण तेच आहे. पण मला सांगा, फिरतीवर असलेला नवरा, घरचं सगळं माझ्यावर, आणि समोरचा माणूस स्वतःला ॲडमिशन ऑफिसचा माजी रीडर, म्हणजे अर्ज तपासणारा, म्हणवतो, यूसीचे सगळे शब्द तोंडपाठ. माणूस कुणावर तरी विश्वास ठेवणारच ना?

पुढचं तर अजून संताप आणणारं आहे. टॅगचा फॉर्म १ ते ३० सप्टेंबरमध्येच भरता येतो. काउन्सेलर म्हणाली होती डेव्हिसचा टॅग भर, सगळं बसतंय तुझं. या सरांनी सांगितलं, भरू नका, डेव्हिसचा टॅग दिसला की बर्कलीवाले समजतात याला इकडे यायचंच नाही. धडधडीत खोटं! एका कॅम्पसचा टॅग भरून बाकी हव्या तितक्या यूसींना अर्ज करता येतो, त्यासाठीच तर ती सोय आहे. पण हातात डेव्हिस पक्कं असतं तर आम्ही त्याला पुढचे हप्ते कशाला दिले असते? हे आत्ता लिहिताना डोकं तापतंय माझं. १ ऑक्टोबर उजाडला आणि पोराची हक्काची जागा गेली.

वर सल्ला काय, तर मेजरला (मुख्य विषयाला) लागणारा स्टॅटिस्टिक्स समरमध्ये घे, सोपा जातो. बर्कलीला हे सगळे विषय स्प्रिंगपर्यंत संपलेले लागतात, आणि समर तर त्याच्यानंतर येतो. कुठला विषय कुठे चालतो ते असिस्ट डॉट ऑर्गवर फुकट दिसतं, कॉलेज निवडा, कॅम्पस निवडा, मेजर निवडा, झालं. त्याच तक्त्याचं प्रिंटआउट स्वतःचा लोगो लावून ‘पर्सनलाइज्ड रोडमॅप’ म्हणून त्याने आम्हाला दिलं होतं, त्यातही स्टॅट्सची ओळ खोडलेली.

ऑक्टोबरमध्ये म्हणाला ॲप्लिकेशनचं लॉगिन आमची टीम बनवते, मुलांकडून चुका होतात. ईमेलही त्यांनीच काढला. लॉगिन कुणालाही देऊ नका. सख्ख्या मामालाही नाही. ज्या अर्जाखाली पोराने ‘यातलं सगळं खरं आहे’ म्हणून सही करायची तो पोराने वाचलेलाच नव्हता. निबंध म्हणजे ते ३५० शब्दांचे चार, एक सगळ्या ट्रान्सफरवाल्यांना सक्तीचा आणि तीन सातांतून निवडायचे. त्यांचे ड्राफ्ट दाखवतो दाखवतो म्हणत नोव्हेंबर संपला आणि मग मेसेज आला, सबमिट झालं, बधाई हो.

जानेवारीत ट्रान्सफर अकॅडेमिक अपडेट भरावं लागतं, फॉलच्या ग्रेड्स टाकायच्या, ३१ जानेवारी शेवटची तारीख. सर फोन उचलेनात. मी यूसीच्या हेल्प लाइनला फोन केला तर ती बाई म्हणाली, विद्यार्थ्याशीच बोलू, आईशी नाही, प्रायव्हसीचा नियम आहे. मग पोराने फोन केला, ओळख पटवली, लॉगिन बदलून घेतलं, शेवटच्या रात्री बसून ग्रेड्स भरल्या. आणि मग त्याने अर्जाची पीडीएफ उघडली.

नऊ कॅम्पस नव्हतेच. चारच होते: बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो, अर्व्हाइन. आणि घरच्या उत्पन्नाच्या रकान्यात लिहिलेलं, २८,००० डॉलर. मला आधी कळेना हे काय. पोराने समजावलं. यूसीची फी कॅम्पसमागे ८० डॉलर, पण कमी उत्पन्नाच्या घरांना चार कॅम्पसपर्यंत माफ होते. म्हणून चार! आमच्याकडून ९ गुणिले ८० म्हणून ७२० घेतले, आम्हाला कागदावर गरीब केलं, आणि यूसीला एक सेंटही भरला नाही. माझ्या पोराच्या सहीखाली. २०१९ मध्ये ते व्हर्सिटी ब्लूज प्रकरण झालं, पैसे चारून मुलांना मोठ्या कॉलेजांत घुसवल्याचं, त्यात आईबाप तुरुंगात गेलेले बातम्यांत पाहिले होते, नवऱ्याला त्या रात्री झोप नाही लागली.

निबंधांत तर पोरगा त्याच्या आजोबांच्या किराणा दुकानात बसून हिशेब शिकला होता. माझे सासरे साताऱ्याला एसटीत नोकरीला होते, वडील शिक्षक. दुकान कुणाचं? कुठल्या तरी दुसऱ्या मुलाचं असणार, नाव बदलून चिकटवलेलं. सबमिट झाल्यावर निबंध बदलता येत नाहीत. पोराने स्वतः चारही कॅम्पसना लिहून कळवलं की उत्पन्न चुकीचं टाकलंय, निबंधातला मजकूर माझा नाही, फी भरायला तयार आहे. ‘नोंद घेतली’ एवढं उत्तर आलं. एप्रिलमध्ये चारही ठिकाणून नकार. बर्कली आणि यूसीएलए तसेही साधारण चारांतल्या एकालाच घेतात, त्यामुळे नकार कशामुळे ते कुणी सांगणार नाही. सॅन होजे स्टेटला (यूसीबाहेरचं, इथलंच सरकारी विद्यापीठ) अर्ज नव्हता, कारण सर म्हणाले होते ते नाव काढलं तरी मुलाची एनर्जी खाली जाते. एनर्जी!

आता तक्रारीचं ऐका. बँक म्हणाली तुम्ही स्वतः फोनवरून पाठवलेत, म्हणजे ऑथराइज्ड, आम्ही काही करू शकत नाही. कार्डने का नाही दिले? कारण त्याने सांगितलं कार्डला तीन टक्के जास्त पडतील भाभीजी. दोनशे डॉलर वाचवायला गेले आणि तक्रारीचा सोपा दरवाजा बंद करून बसले. कार्डने दिलेले असते तर डिस्प्यूट टाकता आला असता. तुमच्याकडे कुणी ‘कार्ड नको’ म्हणालं की तिथूनच उठा.

पोलिसांकडे गेलो. काउंटरवरचा तरुण ऑफिसर कॉफीचा कप बाजूला ठेवून म्हणाला, करार आहे ना तुमचा, मग ही सिव्हिल मॅटर आहे. मी म्हटलं अहो, खोटं उत्पन्न लिहिलंय त्याने. तर म्हणे अर्ज तुमच्या मुलाच्या नावाने आहे. असं बघितलं माझ्याकडे की आरोपी मीच. नवऱ्याने दंड धरून बाहेर आणलं. फेडरल सरकारच्या फसवणूक तक्रारीच्या साइटवर सगळं भरलं, तर उत्तर आलं की आम्ही वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, माहिती तपास यंत्रणांना उपलब्ध होईल. धन्यवाद. राज्याच्या ऑफिसला लिहिलं, तिथून पोचपावती आणि एक माहितीपत्रक, ‘शिक्षण सल्लागार निवडताना’. निवडून झाला हो! कॉलेजला विचारलं की तुमचा लोगो त्याच्या पोस्टरवर कसा, तर म्हणाले आमचा त्याच्याशी संबंध नाही, कळवल्याबद्दल आभार. लोगो अजून तिथेच आहे. यूसी आईशी बोलत नाही, पोलीस मुलाला दोष देतात, बँक माझ्यावर ढकलते, आणि टॅक्स मात्र सगळ्यांना वेळेवर हवा. चोराला पकडायचं काम कुणाचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सरांना रिफंड मागितला तर करार दाखवला. त्यात लिहिलंय की एकाही यूसीत प्रवेश न मिळाल्यास पूर्ण परतावा, पण विद्यार्थ्याने परवानगीशिवाय लॉगिन बदलल्यास हमी रद्द. आम्ही जानेवारीत लॉगिन बदललं ना. वाचा आता.

एक वाट उरली, स्मॉल क्लेम्स कोर्ट. कॅलिफोर्नियात माणसाला १२,५०० डॉलरपर्यंत दावा करता येतो, वकील नेता येत नाही, ५,००० च्या वरच्या दाव्याला ७५ डॉलर फी. म्हणजे गेले त्यावर अजून ७५. तीही भरली. पण नोटीस त्याच्या हातात पडायला हवी आणि वेबसाइटवरचं ‘ऑफिस’ म्हणजे भाड्याचा टपालाचा डबा आहे. मी जाऊन पाहिलं, झेरॉक्सच्या दुकानात भिंतीभर छोट्या पितळी खणांच्या रांगा, त्यातला एक. काउंटरवरची मुलगी म्हणाली, तो फार येत नाही.

लेक या वर्षीही कम्युनिटी कॉलेजातच आहे, स्टॅट्स रेग्युलर सेमिस्टरला घेतलाय. टॅगचा फॉर्म त्याने स्वतः भरला, कॉलेजच्या ट्रान्सफर सेंटरमध्ये बसून, एक पैसा न देता. मला स्क्रीन दाखवली नाही, आणि मी मागितलीही नाही.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं होतं, ॲडमिनने वीस मिनिटांत उडवलं, ‘निगेटिव्हिटी नको’. त्याच ग्रुपवर त्याचं नवं पोस्टर फिरतंय, कंपनीचं नाव बदललेलं, घंटाघर तेच, आता खाली ‘लिमिटेड सीट्स’ पण आहे. ज्यांनी या हंगामात पैसे भरलेत त्यांनी आज रात्रीच मुलाच्या नावाचं लॉगिन आपल्या ताब्यात घ्या, आणि लगेच उत्पन्नाचा रकाना उघडून बघा. आणि ज्यांना त्याचा राहता पत्ता माहीत असेल त्यांनी इथे जाहीर लिहू नका, मला मेसेजमध्ये कळवा, मला तो फक्त कोर्टाच्या नोटिशीवर घालायचा आहे.